चौदा नंबर

प्रणालीनं टोरांटोहून सांगितलं,
बाबा, फेब्रुवारीत दहा दिवस. तुम्ही अन् आई.
बेट तुम्ही निवडा, तिकिटं माझी.
आणि नावं पाठवली, एकवीस.
मी ती डायरीच्या मागच्या पानावर उतरवली,
जिथे पूर्वी फिडरचे नंबर असायचे.

तेहतीस के.व्ही.च्या सबस्टेशनात
रात्रपाळी करता करता
मी ही बेटं ऐकली आहेत.
ब्रिजटाउन, किंग्स्टन, पोर्ट ऑफ स्पेन.
आपल्याकडे मिट्ट काळोख, तिकडे लंचटाइम.
रेडिओ खरखरला की वाटायचं, हा समुद्र.
ट्रान्सफॉर्मर खरखरतोय
हे मला कळत नव्हतं असं नाही.

म्हणून मी म्हटलं, बार्बाडोस.
वच्छला तूर पाखडत होती.
"तिथं नदी हाये का?"
शोधलं. सांगण्यासारखी नाही.
"मंग राहू द्या."

अँटिग्वाला म्हणे किनारे तीनशे पासष्ट,
वर्षाच्या दर दिवसाला एक.
"अन् लीप वर्षाले?"
ती थट्टा करत नव्हती. खरंच विचारत होती.

त्रिनिदादला आपल्या देशातली माणसं
उसाच्या मळ्यांवर गेली, तिथलीच झाली,
डाळपुरी अजून करतात.
"डाळपुरी खायले इतक्या दूर?"

सेंट लुशियाच्या दोन सुळक्यांचं
सेतूवाल्या अंकुशनं रंगीत प्रिंट काढून दिलं, वीस रुपये.
तिनं ते फ्रिजवर चिकटवलं
आणि माझ्या गुडघ्याकडे पाहिलं.

आठवडाभर हेच.
दिग्रसला खताच्या दुकानात कुणी म्हणालं,
बँकॉक करा ना काका, गाइड हिंदी बोलतो.

चौदाव्या नावापुढे प्रणालीनं लिहिलं होतं,
माँटसेरात, हे नको, अर्धं बंद आहे.
"बंद म्हंजे?"
मी वाचून दाखवलं.
डोंगर फुटला. राजधानीवर राख बसली.
घरं, दुकानं, चर्च. कुठे नुसती छपरं वर.
माणसं उत्तरेला हलवली,
कितीतरी तर बेटच सोडून गेली.
आता तिथे कुणी राहत नाही,
पण कागदावर राजधानी तीच.

सूप थांबलं.
"कागदावर तीच?"
"तीच."

आमचा पत्ता: प्लॉट नंबर बेचाळीस,
बोरगव्हाण पुनर्वसित.
हा शेवटचा शब्द पोस्टमन गाळतो,
बँक गाळत नाही.
मे महिन्यात धरण उतरलं की
जुन्या गावाची टेकडी बेटासारखी उरते,
उताराला जोती दिसतात.
वच्छला वर्षातून एकदा डोंग्यानं जाते.
काय करते तिथं, सांगत नाही.
एकदा येताना जात्याचा खुंटा घेऊन आली.

"मले थ्या लोकाईले एक इचारायचं हाये."
काय?
"निंगताना दाराले कुलूप लावलं होतं,
का उघडंच टाकलं?"

इंग्रजीत कसं विचारशील, असं मी म्हणणार होतो.
म्हटलं नाही.
मलाही एक विचारायचं आहे,
ते मी तिला सांगितलेलं नाही.
शेवटच्या दिवशी
त्या गावाची लाइन कुणी बंद केली असेल?
कारण बोरगव्हाणचा जंपर मीच काढला,
ऑर्डर होती, सही केली, खांबावर चढलो.
वरून आमचं छप्पर दिसत होतं
आणि अंगणात ही,
वर बघत, डोळ्यांवर हात धरून.
मी हात केला होता की नाही
आता आठवत नाही.

प्रणालीला लिहिलं, चौदा नंबर.
उत्तर नाही. तिकडे रात्र असेल.
वच्छलानं सूप परत उचललं.
मधेच म्हणाली,
"नदी तं असंनच तिथं. डोंगर हाये म्हणता ना?"